पट्टे आधी, काँक्रीट मागून

आमचे व्याही रस्त्यावर पांढरे पट्टे मारतात. व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. तीस वर्षं नगरपालिकेत हेच काम, त्यामुळे चालताना मान कायम खाली. सख्खा भाऊ समोरून गेला तरी दिसायचा नाही, पण डांबरावरचा ओरखडा नजरेतून सुटायचा नाही. लग्नाच्या बैठकीत मी चिडवलं होतं, "व्याही, लेकीचं तोंड कधी पाहिलंत का?" तर म्हणाले, "पावलं ओळखतो." सगळी बैठक हसली होती.

आम्हा दोघांत मिळून नात एकच, दुसरीत जाणारी. तिच्या शाळेपुढचा रस्ता उताराचा, आणि उतार दिसला की गाडीवाल्याच्या अंगात येतं. म्हणून व्याह्यांच्या नगरपालिकेतल्या साहेबांनी नवा नकाशा काढला: फाटकापाशी दोन्हीकडचे फुटपाथ पुढे आणायचे, गाड्या हळू व्हाव्यात म्हणून रस्ता आवळायचा आणि त्या अरुंद जागी पोरांना ओलांडायला पट्टे मारायचे. नकाशा झकास होता, खोटं का बोला. पण काँक्रीटवाला आला नाही आणि वरिष्ठांच्या पाहणीची तारीख मात्र आली. मग काय, पट्टे आधी, काँक्रीट मागून.

व्याह्यांनी फुटपाथ कुठवर येणार ते खडूने आखून ठेवलं. गाड्यावरच्या भट्टीत रंग उकळला, पट्टे ओढले, वर चकाकायला काचेची पूड भुरभुरली. नातीची शाळा म्हणून थर जरा जाडच दिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते आमच्या दारात उभे. आत या म्हटलं, तर आले नाहीत.

"पोर रस्ता कशी ओलांडते, पाहिलंत का?"

"उड्या मारत," मी कौतुकाने सांगितलं. "तुमच्या पट्ट्यांवरून. काळ्यावर पाय पडला की बाद, असा खेळ काढलाय पोरींनी."

"परवापर्यंत काठावर उभ्या राहायच्या. दोन्हीकडे बघायच्या. आता मान वर करत नाहीत." मग म्हणाले, "माझ्यासारख्या."

मला घेऊन ते शाळेपुढे गेले. शाळा आत भरलेली, रस्ता रिकामा. पांढऱ्यावर टायरचे काळे ओरखडे पडले होते. व्याही उकिडवे बसले आणि मी पहिलीत पाटीवरची अक्षरं वाचायचो तसे बोट ठेवून वाचू लागले.

"हा वेळेवर थांबला. हा पट्ट्यांवर येऊन थांबला. आणि हा बघा, याने ब्रेक मारलाय पाचव्या पट्ट्यावर."

"मग?"

"पाचव्यावर आपली पोर दम खायला थांबते."

मी वाकून काठापासून पाचवा पट्टा पुन्हा मोजला.

व्याही साहेबांकडे गेले. "साहेब, काँक्रीट होईपर्यंत पट्टे काळे करून टाकतो."

"काका, पट्टे पुसून कुणी सुरक्षित झालंय का? आठ-पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे."

"पोरांना सांगून झालं की इथून या. गाड्यांना अजून कुणीच काही सांगितलेलं नाही."

साहेबांनी फाईल उघडली. म्हणजे तुम्ही निघा.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत व्याह्यांचा गाडा, भट्टीसकट, उतरत्या बाजूला बंद पडला. पुढे-मागे लाल फडकी. पहिला टेम्पो हॉर्न देत आला, शिव्या देत हळू झाला आणि कडेकडेने निघून गेला. त्याच्यामागून येणाऱ्यांनाही हळू व्हावंच लागलं. पोरी उड्या मारत पलीकडे पोचल्या.

अकरा वाजता साहेब हजर. "काका, हे काय?"

"नादुरुस्त आहे, साहेब."

"बरोब्बर खडूच्या रेघेच्या आत?"

"मोडला तरी नकाशाप्रमाणे मोडलाय."

साहेबांना हसू आलं होतं, मी बघितलं. पण बोलले एवढंच की, उद्या ओढून नेतो. त्या संध्याकाळी व्याह्यांनी गाड्याचं एक चाक काढलं आणि ते आमच्या घरी आणलं. ते आता माझ्या पलंगाखाली आहे. 'चाक तत्काळ हजर करावे' अशी लेखी नोटीस आली आहे, आणि 'सोमवारी येतो' म्हणणाऱ्या काँक्रीटवाल्याचा तिसरा सोमवार कोरडा गेला आहे.

आज सकाळी व्याही पुन्हा आले. या वेळी आत आले, पण बसले नाहीत.

"चढाच्या बाजूला नवा ओरखडा आहे," म्हणाले. "ती बाजू मोकळीच राहिली ना."

"कुठपर्यंत?"

"चौथ्या पट्ट्यापर्यंत." मग माझ्या पलंगाकडे बघत राहिले. "व्याही, हा लोखंडी आहे ना?"

शाळा सुटायला तासभर होता. मी गादी गुंडाळायला घेतली.