मुकादमाचा माणूस

अनसिंगच्या चांदभाईंचा जन्मच मुळी भिण्यासाठी झाला असावा. मांजर आडवी गेली की ते घरी परतत, पाल चुकचुकली की बोलणं अर्धवट टाकत. अशा माणसानं कपाशीचं जिन, म्हणजे सरकी वेगळी करायचा कारखाना, काढावा! पण काढलं खरं, आणि ते बरं चाललंही. "हे सारे आपले मानसं हायेत," असं ते मजुरांकडे बोट दाखवून कौतुकानं सांगत. ईदचा शीरखुर्मा आधी जिनात जाई, मग घरात.

त्या साली हंगामाच्या पहिल्या दिवशी यंत्रापुढे नारळ फुटतोय, तोच अकोल्याचा विमावाला हजर झाला. मजुराचा हात तुटला, जीव गेला तर मालकानं भरपाई द्यायची, असा सरकारी कायदा आहे, म्हणाला. विमा उतरवलात तर कंपनी भरेल.

चांदभाईंनी दोन्ही कान धरले. शुभ घटकेला याच्या तोंडी मरण!

"तोबा तोबा! कायले अभद्र बोलून राह्यला बाप्पा? निंघ इथून!"

त्याच्या पाठीमागे लिंबू उतरवून टाकलं आणि चांदभाई निर्धास्त झाले. भ्यायचं होतं कशाला, आणि हे भ्याले कशाला!

दिवाळीनंतर चालत्या यंत्रावर निसटलेला पट्टा चढवताना रूपलाचा उजवा हात कोपरापासून गेला. रूपला तांड्यावरचा गडी, जिन निघालं तेव्हापासूनचा. दवाखान्यात सगळ्यांआधी चांदभाईच धावले, खोटं कशाला बोला. "भाई, आता मी कसा जगू?" असं रूपलानं विचारलं तेव्हा ते ढसाढसा रडलेही.

मग वाशीमहून भरपाईची नोटीस आली, आणि चांदभाई वकिलाकडे धावले.

"विमा नाही?" वकिलानं कपाळाला हात लावला. "मग सगळं तुमच्या खिशातून. नाही भरलं तर जिन जप्त होऊन लिलावात जाईल. एकच वाट आहे. मजूर सोमला नावाचा मुकादम आणतो ना? पगारही तोच वाटतो? मग भरपाईचा निकाल देणाऱ्या साहेबापुढे म्हणा, रूपला मुकादमाचा माणूस, माझा नव्हे."

चांदभाईंची झोप उडाली, घास गिळवेना. जिनाचा भोंगा वाजला तरी लिलावाची दवंडी आली असं वाटून ते दचकत.

"रूपल्याच्या तोंडाकडे पाहून असं बोलसान तुमी?" बायकोनं, रहमतबीनं, विचारलं.

"तिकडं पाहनारच नाही मी."

आणि खरंच पाहिलं नाही. वाशीमच्या कचेरीत साहेबांनी विचारलं, तेव्हा चांदभाई जमिनीकडे बघत म्हणाले, "तो माहा मानूस नाही साहेब. मुकादमाचा हाय."

साहेबांनी शांतपणे मान हलवली. "असेल. पण काम तुमच्याच जिनाचं होतं ना? मजूर मुकादमानं आणला, तरी कायदा मालकालाच धरतो. भरपाई तुम्हीच द्यायची."

म्हणजे जिन विकणं आलंच. ज्यासाठी जीभ विटाळली, तेही हातचं गेलं होतं.

बाहेर त्यांची बैलांची दमणी जुंपलेली होती. रूपला रस्त्याच्या कडेला उभा होता.

"रूपला, बस बाप्पा दमनीत. अनसिंगलेच तं जायाचं हाय."

आजवर भाई म्हणणाऱ्या रूपलानं रिकामी बाही खांद्यावर टाकली.

"नाही मालक. दमनी तुमच्या मानसाईसाठी हाय. मी मुकादमाचा मानूस."

आणि तो पायी चालू लागला.