कोचीत जेवायचं कुठं

"लिखी ल्या," असं म्हणून आमच्या गल्लीतल्या अक्का डोळे मिटायच्या आणि कोचीतली जेवायची ठिकाणं बोटांच्या पेरांवर एकेक सांगायला लागायच्या. धुळ्यात, ओट्यावर बसून, बरं का! आम्ही बाया मेथी निवडतोय, कोचीला कुणाला जायचंय? पण कुणी नुसतं "अक्का, तिकडं जेवायचं कसं हो?" म्हणायचा अवकाश.

गंमत म्हणजे कुठं काय मिळतं हे त्या सांगायच्याच नाहीत. तिखट का आंबट, विचारलं तर म्हणायच्या, "खावानं काय, कोठेबी भेटस. बिनघोर बसता येवाले पाहिजे." तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल, वाट सांगतं आणि गावाबद्दल काहीच सांगत नाही.

अक्कांचा एकुलता मुलगा कोचीला बंदरावरच्या एका कंपनीत, सून बँकेत. यजमान गेल्यापासून दर हिवाळ्यात अक्का जळगावला जाऊन दक्षिणेची गाडी पकडायच्या. बरोबर कळण्याच्या भाकरीचं पीठ, भरताची वांगी, हिरव्या मिरच्या. परत आल्या की शेजारची शोभा टोमणा मारायची, "अक्कांनी मजा शे! आमनं तोंड गॅसपुढे, अन् ह्या रोज हॉटेलमा."

"जळस का वं?" अक्का हसायच्या.

मागे आम्हीच कोचीला निघालो. आम्ही दोघं, मुलगा-सून, दीर-जाऊ आणि नातवंडं, अशी भरगच्च फौज. हॉटेलं मोबाईलवर शोधू म्हणाला मुलगा. मी म्हटलं, अक्का असताना मोबाईल कशाला?

पहिलं ठिकाण ते मोठ्या जाळ्यांनी मासे धरतात ना, त्याच्या मागच्या बोळात. आप्पम आणि वाटाण्याचा रस्सा. सुरेख! पण बसायला भिंतीला लावलेली एक फळी, तोंड भिंतीकडे. आम्ही आळीपाळीनं खाल्लं. आमचे हे म्हणाले, "तुझ्या अक्कांनी फिरकी घेतली आपली."

दुसरं मट्टांचेरीत, मसाल्याच्या वखारींजवळ, एक जुनी खानावळ. लांब बाकं. जिथं जागा रिकामी होईल तिथं बसायचं, पान आपोआप समोर येतं. आमचा एक इथं, एक तिथं. जाऊबाई एका हमालाच्या शेजारी बसून सांबार-भात जेवल्या आणि मला बघून दुरूनच डोळे वटारले.

तिसरं बोटीच्या धक्क्यावरचं चहाचं दुकान. तिथं केळ्याची भजी मिळतात. जळगावच्या केळ्यांचा अभिमान बाजूला ठेवून सांगते, झकास! बाकीचे खरेदीला गेले, मी गुडघे धरून तिथंच बसले. चहा संपला, तरी पेला कुणी उचलला नाही. "किती जण?" म्हणून कुणी विचारलं नाही. एकटी बाई एवढा वेळ का बसलीय, म्हणून कुणी पाहिलंही नाही. बोटी येत होत्या, जात होत्या. आणि मला एकदम अक्कांची सगळी ठिकाणं कळली. ती सगळी एका माणसाच्या जेवणाची होती.

परत आल्यावर मी विचारलं, "अक्का, पोरगा येतो का हो कधी तुमच्याबरोबर?"

त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, "पहिल्या वरीसले भाकरी करी, भरीत करं, वाट देखत बसनू. दोघं बाहीरच जेवीसन येत. फोन ये, आई, तू जेवी ले. मंग एकलीसाठे काय गॅस पेटाडू? अन् त्या घरमा एकलं बसीसन घास उतरस नही."

मी म्हटलं, "मग जाता कशाला?"

"एक डाव तो समोर बसीन जेवना पाहिजे. मी वाढसू, तो खाई. बस."

पुढच्या हिवाळ्यात निघताना मात्र चेहरा उजळला होता. पिशवीत नेहमीपेक्षा जास्त वांगी. "औंदा त्यानी रजा काढेल शे," रिक्षात बसता बसता त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं. शोभानं वांग्यांची पिशवी उचलून त्यांच्या पायाशी ठेवली.

कोचीतच गेल्या अक्का. झोपेत. त्रास झाला नाही म्हणतात.

काही दिवसांनी मुलगा घर आवरायला आला. मी चहा नेला. रिकाम्या पलंगावर बसला होता, केस पांढरे झालेले, डोळे अगदी आईचे.

"मावशी," तो म्हणाला, "आई गेली त्याच्या पुढच्याच आठवड्यात माझी रजा होती. आई म्हणाली होती, सकाळी घरी भाकरी खायची, आणि रात्री मी तुला बाहेर जेवायला नेईन. कुठं ते सांगितलं नाही. तुम्हाला सांगायची ना ती?"

एवढी वर्षं कोचीत राहिलेला माणूस, आणि कोचीत जेवायचं कुठं ते मला धुळ्यात विचारत होता. मी सांगितलं. जाळ्यांमागचा बोळ. वखारींजवळची खानावळ. तो मोबाईलवर टिपून घेत होता. बोटीच्या धक्क्यावरचं दुकान सांगितलं, तसा त्याचा अंगठा थांबला.

"हे माझ्या ऑफिसच्या मागंच आहे, मावशी."

चहावर साय धरली होती. मी कप उचलून नेला आणि पुन्हा गरम करून आणला, तरी तो तसाच बसलेला होता.