परक्याचं लिंपन

वजन झालं हुतं. चार मानसांच्या वाट्याचं. परदेशातनं आलेली लाल मिलो जवारी. जनावरं हुंगून मागं सरायची, पन बहात्तरच्या दुष्काळात तीच आमची लक्ष्मी. मी पिशवीचं तोंड धरून उभी. रेशनच्या दुकानदारानं कारड उलटंपालटं केलं, माझ्या हातातनं पिशवी हिसकली आन् परत पोत्यात रिकामी केली.

"तुमचं नाव कटलंय," म्हनला. "गाव सोडलं तुमी. पंचनामा झालाय."

"कवा सोडलं? ऊस तोडाया गेल्तो. दरसाल जातो."

"मग तिकडंच खा की, कारखान्यावर." मागं रांगेत बायका उभ्या. त्यास्नी ऐकू जावं म्हनून आवाज चढवला. "सांडलंय त्येवढं वेच आन् चालू लाग."

मी वेचलं. खोटं कशाला बोलू? गुडघे टेकून वेचलं. त्याच्या चपलेजवळचे दानेबी वेचले. त्यानं पाय हलवला न्हाई. वेचून झाल्यावर "बरं, दादा" म्हनून उठले.

घरी आत्याबाईनं, म्हंजी माझ्या सासूनं, त्या ओंजळभर दान्यातले खडे निवडले, दळलं, भाकर केली. माझ्या चार वर्सांच्या लेकीनं आर्धी खाल्ली आन् "अजून" म्हनली. अजून न्हवतं. तवा मला माझी किळस आली. दाने वेचल्याची न्हाई. त्येला दादा म्हनल्याची.

आत्याबाई भिताडाला टेकून बोलली, "गाव सोडलं म्हने! दार तर म्या माझ्या हातानं लिंपलं हुतं."

आमच्या पाथर्डीकडं ऊसतोडीला निघताना दाराला कुलूप लावत न्हाईत. कुलूप लावावं आसं आत असतंय काय? दाराच्या फटी शेनामातीनं लिंपायच्या, वर हाताची पाची बोटं उठवायची, बाभळीची फांदी आडवी टाकायची. शेंबडं पोरबी सांगंल, ही मानसं पाडव्याला येनार. जातं आतच असतंय. कायमचा जानारा जातं गाडीत घालून नेतो. आन् दुसऱ्याचं लिंपन कुनी फोडत न्हाई. फोडनाऱ्याचं घर बसतं म्हनत्यात. आमी ऊस तोडून पुनतांब्याकडनं आलो तवा आत्याबाईची पाची बोटं दारावर जशीच्या तशी हुती.

मी तालुक्याच्या कचेरीत गेले. बाबूनं वर न बघता पंचनामा वाचला. "घरात प्रवेश करून पाहणी केली. चूल, जाते, काही नाही. कुटुंब कायमचे गाव सोडून गेले." आशी एकुनीस घरं कापली हुती, आमचं धरून. खाली पंच म्हनून सही कुनाची? दुकानदाराची. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! नावं कापली तरी दुकानाला माल त्येवढाच येत हुता. आमचा दाना त्याच्या मागल्या दारानं कुठं जायचा, ते गावाला ठावं हुतं. इचारायची छाती कुनाला न्हवती.

"खोटं हाय ह्ये," म्हनले.

"मग जा कोर्टात," बाबू म्हनला आन् हसला. शेजारचाबी हसला. कोयतेवाली बाई आन् कोर्ट!

घरी मालक म्हनले, "शहान्यानं कोर्टाची पायरी चढू न्हाई."

"मी कुठं शहानी हाय? शहानी आस्ते तर त्याच्या चपलेपाशी बसले आस्ते व्हय?"

नगरचा एक तरना वकील तयार झाला. आधी सरकारला दोन म्हैन्यांची नोटीस, मग तारीख, मग पुढली तारीख. सरकारला इचार कराया दोन म्हैने लागत्यात. पोटाला कुठली नोटीस? दुष्काळी कामावर मी खडी फोडत हुते. तिथं खायाला सुकडी, म्हंजी गोड भाजकं पीठ, मिळायची, ती फडक्यात बांधून लेकीला आनायची. तारखेला गेलं की खाडा, आन् खाड्याला सुकडी न्हाई.

दुकानदार वाटंत भेटला की इचारायचा, "काय न्यायाधीशीनबाई, निकाल दिला का?" पारावरचे रिकामटेकडे खी खी करायचे. हसा मेल्यांनो.

साक्षीच्या दिवशी तो इस्तरीचा सदरा घालून पिंजऱ्यात उभा. मागच्या बाकावर गावातली धा-बारा मानसं, त्यानंच गंमत बघाया आनलेली. घर रिकामं हुतं, आत जाऊन डोळ्यानं बघितलं, आसं त्यानं ठासून सांगितलं. मी वकिलाच्या कानाला लागले. "त्येला फकस्त लिंपनाचं इचारा." वकील शहरातला, त्येला काय उमगंना. "इचारा तर!"

"दार लिंपलेलं होतं?" वकिलानं इचारलं.

"व्हय. आमच्याकडं लिंपत्यातच."

"मग ते लिंपण तुम्ही फोडलंत?"

दुकानदारानं मागं बघितलं. आख्खं गाव त्याच्याकडं बघत हुतं. घाईघाईनं म्हनला, "छ्या छ्या! परक्याचं लिंपन कोन फोडंल, सायेब? पाप लागंल!"

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "मग तुम्ही आत गेलात कसे?"

त्यानं परत मागं बघितलं. बाकावरची मानसं खाली बघाया लागली.

वा रे पुन्यवान! चिमूटभर शेनामातीला हात लावला तर पाप. चार वर्सांच्या पोरीच्या तोंडातली भाकर काढली, तवा न्हाई लागलं. आसल्याला मी दादा म्हनले हुते. थू!

निकाल लागला. कारड परत, धान्य चालू. तवर एक पाऊसकाळ उलटून गेल्ता. लेकीच्या दंडाला निस्ती हाडं लागत हुती. आत्याबाईनं तो कागद हातात धरला आन् म्हनली, "लई उशीर केला गं कागदानं."

रेशनच्या दिवशी दुकानात गेले. तोच तराजू, तोच बुवा. पन जीभ गुळात बुडवलेली. "या या वैनी. तुमचं आधी."

मी रांगेत उभी राह्यले. नंबर आल्यावर त्यानं वजन केलं. पिशवीत वतताना मूठभर सांडलं. सवयीनं सांडलं का घाईनं, देवाला ठावं.

"तेवढं घ्या वेचून, वैनी."

"तुमी वेचा."

"आं?"

"मापातलं हाय. माझं हाय. वेचा."

त्यानं रांगेकडं बघितलं. एकबी बाई हलली न्हाई. मग तो वाकला, गुडघे टेकले आन् माझ्या पायापाशी दाना दाना गोळा कराया लागला. मी पाय हलवला न्हाई.

उठला, धोतर झटकलं. "झालं आता तुमच्या मनासारखं?"

"न्हाई," म्हनले. "आजून अठरा घरं हायत. अठरा जनींचे अंगठे घेतलेत, उद्या कागद वकिलाकडं जातोय. अठरा येळा वाकाया लावीन तुला."