पन्नास ग्रॅमचं काळं वजन

बारा ऑगस्टला, सोमवारी, दुपारी साडेबारा वाजता निरीक्षकांनी पावती फाडली ती दोन हजार सहाशे चाळीस रुपयांची. त्यातले अडीच हजार तडजोड शुल्काचे, म्हणजे प्रकरण कोर्टात न नेता मिटवण्यासाठी भरायचे, आणि एकशे चाळीस काट्याच्या फेरतपासणीचे. पैसे भरणारा मोडवाला होता. तुटलेली साखळी, जोडीतलं एकच उरलेलं कानातलं, वाकलेली अंगठी, असलं मोडकं सोनं तो वजनावर विकत घ्यायचा. बँकेच्या जिन्याखाली एक टेबल, दोन स्टुलं आणि काचेच्या पेटीतला काटा एवढंच त्याचं दुकान, पण त्याला छत्तीस वर्षं झाली होती.

निरीक्षक राज्य सरकारच्या वजनमापे खात्यातले. दुकानातला काटा, पेट्रोलचा पंप, दुधाचं माप, कापडाचा गज, सगळ्यांवर वर्षाकाठी शिक्का मारायचा आणि खोटं सापडलं तर दंड करायचा, हे त्यांचं काम. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुठल्या दुकानात चहाचा घोट घेतला नव्हता. पाणीसुद्धा घरचंच. खांद्याला लटकवलेल्या पाण्याच्या बाटलीमुळे बाजारात त्यांना ‘बाटलीसाहेब’ म्हणत. नव्या माणसाचा त्यावरून भलताच समज व्हायचा आणि जुने दुकानदार त्याची मजा बघायचे.

त्यांच्या दुसऱ्या हातात लाकडी पेटी असे. आत हिरव्या मखमलीत खात्याची प्रमाण वजनं, पितळेची. लोकांची वजनं खरी की खोटी हे या वजनांवरून ठरायचं. दर शनिवारी जेवण झालं की निरीक्षक वर्तमानपत्र पसरून, पॉलिशची डबी आणि जुना मऊ कपडा घेऊन बसत आणि एकेक वजन आरशासारखं लखलखेपर्यंत घासत.

“घरातल्या एका भांड्याला कधी हात लावला नाहीत,” बायको म्हणायची, “आणि त्या पितळेला मात्र दर आठवड्याला अंघोळ!”

“सरकारचं वजन आहे. मळकं कसं चालेल?”

“मग माझ्या पातेल्यांवरही सरकारचा शिक्का मारून घ्या. निदान ती तरी घासाल.”

नियमाप्रमाणे ही पेटी दर वर्षी विभागाच्या प्रयोगशाळेत जायला हवी होती. पण तिथे ती वीस-पंचवीस दिवस अडकायची, तेवढे दिवस तपासण्या बंद आणि तिमाहीचं उद्दिष्ट मागे. म्हणून निरीक्षकांनी मुदतवाढ मागितली, ती मिळाली. पुढच्या वर्षी पुन्हा मागितली, पुन्हा मिळाली. पेटी तीन वर्षं प्रयोगशाळेत गेली नव्हती, पण मुदतवाढीची तिन्ही पत्रं तारीखवार फाईलला लावलेली होती.

त्या सोमवारी त्यांनी मोडवाल्याच्या काट्यावर आपलं पन्नास ग्रॅमचं वजन ठेवलं. काट्याने दाखवलं एकोणपन्नास पूर्णांक नऊशे ब्याऐंशी. अठरा मिलिग्रॅम कमी. किराणा दुकानात अठरा मिलिग्रॅमला कुणी विचारत नाही, पण सोन्याच्या काट्याला कायदा तेवढी सूट देत नव्हता. शिवाय मोडवाला विकणारा नव्हे, घेणारा. त्याचा काटा कमी दाखवतो म्हणजे सोनं विकायला आलेल्या बाईच्या हातात पैसे कमी पडतात.

मोडवाल्याने चष्मा पुसून आकडा दोनदा वाचला. मग खणातून एक डबी काढली. तिच्यात सुती कपड्यात गुंडाळलेलं त्याचं स्वतःचं पन्नासचं वजन होतं, काळवंडलेलं, जुन्या कुलपासारखं. त्याने ते चिमट्याने उचललं.

“साहेब, हे एकदा लावून बघता का? रोज सकाळी याच्यावरच काटा बघतो मी. कधी चुकला नाही.”

काळं वजन ठेवलं तेव्हा काट्याने बरोबर पन्नास दाखवलं.

“बघा!” मोडवाल्याचा चेहरा खुलला.

“काय बघा? किती वर्षांत घासलं नाहीत हे?”

“घासतात होय वजन? वडिलांनी सांगितलं होतं, हातसुद्धा लावायचा नाही.”

“म्हणून मळ चढलाय त्याच्यावर, काका. मळाचं वजन धरताय तुम्ही.” निरीक्षकांनी आपलं लखलखीत वजन त्या काळ्याशेजारी ठेवलं. “हे सरकारचं आहे. याच्यापुढे तुमच्या वजनाने बोलायचं नसतं.”

मोडवाल्याने खण पुन्हा उघडला. त्याने पैसे मोजून दिले. मेकॅनिक आला, सरकारी वजनाप्रमाणे काटा जुळवून गेला. काळं वजन निरीक्षकांनी सदोष म्हणून जप्त केलं, पाकिटात घालून लाख लावली. त्याच आठवड्यात त्या भागातल्या आणखी चार सोनारांचे काटेही तेवढेच कमी निघाले. त्यांनी थोडी कुरकुर केली, पैसे भरले आणि विषय संपवला. पाच काटे एकाच बाजूला एकाच मापाने चुकतात, हे एखाद्या शाळकरी पोराला खटकलं असतं. निरीक्षकांना तेव्हा वाटलं ते एवढंच, की सगळे एका माळेचे मणी.

पुढच्या ऑक्टोबरात, म्हणजे चौदा महिन्यांनी, निवृत्ती चार महिन्यांवर आली आणि कार्यभार सोपवण्यासाठी पेटी तपासून घेणं भाग पडलं. निरीक्षक ती स्वतः प्रयोगशाळेत घेऊन गेले. तिथला तपासनीस त्यांच्याच बरोबरीचा, जुन्या ओळखीचा. त्याने पन्नासचं वजन तीन वेळा तोललं आणि खुर्ची मागे सरकवली.

“काय हो, उपास करायला लावता की काय यांना?”

“म्हणजे?”

“पंचवीस मिलिग्रॅम उतरलंय. वीसचंही उतरलंय. मोठी आहेत ती सुटेत बसतील कशीबशी.” त्याने वजन दिव्याखाली फिरवलं. “कोरलेला आकडा बघा, निम्मा पुसलाय. तुम्ही पॉलिश लावता याला?”

“दर शनिवारी,” निरीक्षक म्हणाले. सांगताना त्यांना मोडवाल्याच्या काट्यावरचे अठरा मिलिग्रॅम आठवले.

“अहो, पॉलिशमध्ये बारीक खरखरीत पूड असते. दर वेळी पितळेचा कण कण जातो. इतकी वर्षं घासलंत तुम्ही!”

निरीक्षकांनी बॅगेतून जप्तीचं पाकीट काढलं. जुना माल खात्याच्या कोठीत जमा करायचा म्हणून ते सोबत आणलेलं होतं. तपासनिसाने लाख फोडली, काळं वजन चिमट्याने उचललं आणि आकडा वाचून शीळ घातली.

“हे कुणाचं? याला बिचाऱ्याला कुणी छळलेलं दिसत नाही. तंतोतंत आहे.”

त्याच संध्याकाळी निरीक्षकांनी आपल्या वरिष्ठ साहेबांपुढे अहवाल ठेवला. साहेब वाचून हसले.

“चार महिने राहिलेत. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय? नवी पेटी मागवू, जुनी जाईल भंगारात.”

“पाच माणसांचे पैसे घेतलेत आपण, साहेब.”

“त्यातल्या एकाने तरी तक्रार केली?”

केली नव्हती. निरीक्षकांनी तरी अहवाल मागे घेतला नाही. चौकशी लागली, पेन्शन लांबली, आणि पाचही जणांचं तडजोड शुल्क परत करायचा आदेश निघाला. चौघांना टपालाने कळवलं. पाचव्याला आदेशाची प्रत आणि काळं वजन द्यायला निरीक्षक स्वतः निघाले.

बँकेच्या जिन्याखाली आता झेरॉक्सचं मशीन होतं. झेरॉक्सवाल्याने सांगितलेल्या पत्त्यावर ते पोचले तेव्हा मोडवाला मुलीच्या शिवणकामाच्या दुकानात ब्लाउजांना हूक लावत बसला होता.

“या साहेब. पाणी... नाही, तुमची बाटली असेल.”

निरीक्षकांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पॉलिशपासून आदेशापर्यंत. शिवणयंत्र थांबलं.

“म्हणजे काटा बरोबर होता?” मुलीने विचारलं.

“हो.”

“बाबा, ऐकलंत?” ती निरीक्षकांकडे वळली. “यांनी काय केलं माहीत आहे तुम्हाला? वही काढली. आधीच्या शिक्क्यापासून ज्याचं ज्याचं सोनं घेतलं, त्याच्या त्याच्या घरी जाऊन कमी दिलेले पैसे परत केले. कुणाचे अठरा रुपये, कुणाचे सात. त्रेसष्ट घरं! मी म्हणत होते, नका जाऊ.”

“सरकारचं वजन खोटं असेल असं मनातच आलं नाही,” मोडवाला म्हणाला.

“आणि लोक काय म्हणाले? जो अठरा रुपये परत करायला येतो, त्याने अठरा हजार खाल्ले असणार. दंड भरलेले बाकीचे चौघे आजही दुकान चालवतायत. हे कबूल करून आले, म्हणून हे चोर. सहा महिन्यांत एक गिऱ्हाईक फिरकलं नाही.” तिचा आवाज चढला. “हे त्रेसष्ट घरी गेले. तुम्ही एका घरी आलात.”

निरीक्षक म्हणाले, “मी त्या सगळ्या घरी जातो. वही द्या.”

“नको,” मोडवाला म्हणाला. “आता परत कुणी दारात गेलं तर त्यांना वाटेल, मीच पैसे चारून पाठवलंय.”

निरीक्षकांनी काळ्या वजनाचं पाकीट पुढे केलं. मोडवाल्याने हूक बाजूला ठेवले, हात पुसले आणि वजन कपड्यानेच उचललं.

“घासलं नाहीत ना?”

“नाही.”

“तुम्ही आपल्या वजनावर विश्वास ठेवलात, साहेब. मी माझ्यावर ठेवायला हवा होता. छत्तीस वर्षं रोज बघत होतो, आणि एका दिवसात सोडला.” त्याने ते पुन्हा गुंडाळलं आणि बटणांच्या डब्यांमागे सरकवून दिलं.

निरीक्षकांना माफी मागायची होती. घरून निघताना वाक्यं जुळवलेली होती. पण त्यांच्या तोंडून निघालं ते फेरतपासणीच्या शुल्काचं. ते आदेशात नव्हतं. तपासणी प्रत्यक्ष झालेली असल्याने ते परत करायची तरतूद नाही, असा शेरा होता. ते आपल्या खिशातून देतो म्हणून त्यांनी पाकीट काढलं.

“राहू द्या,” मोडवाला म्हणाला. “पावती खात्याची आहे. खात्याकडून आले तर घेईन.”

निवृत्तीनंतर निरीक्षकांनी त्यासाठी तीन अर्ज केले. दोन अर्जांना तेच उत्तर आलं, तिसऱ्याला काहीच नाही. शनिवारी दुपारी आता ते पातेली घासतात. बायको आधी हसली, मग हसायची थांबली.

अडीच हजार मोडवाल्याला मार्चमध्ये मिळाले. एकशे चाळीस रुपये अजून येणे आहेत.