बाबांचा अंगठा आणि वहिनीची पीएचडी

चपला काढायच्या आधी वहिनी रोज कुंपणाशी थांबायची आणि घेवड्याची पानं उलटून बघायची. आई दारातून म्हणायची, "घरात माणसंही राहतात म्हटलं! त्यांचीही कधी चौकशी करावी."

वहिनी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. परगावच्या एका संस्थेत तिला पीएचडी करायची होती. हजारो फोटोंवरून कॉम्प्युटरला पिकांचे रोग ओळखायला शिकवायचं, असं ते काम. कॉलेज अभ्यासाची रजा फक्त याच वर्षी देणार होतं. मुलाखतीत दाखवायला म्हणून तिने घरीच एक नमुना तयार करायला घेतला आणि अख्खं घर कामाला जुंपलं. दादा फोटो काढायचा आणि आई-बाबा पानं धरायचे. तांबेऱ्याचे लालसर ठिपके पडलेल्या पानांना आई हात लावेना.

"मला नको ती घाण. ह्यांना द्या, ह्यांना काही होत नाही."

मग निरोगी पानं आईच्या बोटांत आणि रोगट बाबांच्या. हातोडी बसून बाबांच्या अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं होतं. ते रोगट पानाच्या प्रत्येक फोटोत ऐटीत बसलेलं असायचं.

कॉम्प्युटर बघता बघता हुशार झाला. एकही पान चुकेना. वहिनीला आकाश ठेंगणं झालं.

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी सहज एक कोवळं हिरवंगार पान कॅमेऱ्यासमोर धरलं. निकाल आला, रोगट. दुसरं धरलं. तेही रोगट. वहिनीने पान काढून घेतलं, बाबांचा नुसता अंगठा उरला. रोगट, आणि तेही अगदी खात्रीने.

"मला काय झालंय?" बाबा घाबरले.

"इतकी वर्षं मी सांगतेय," आई म्हणाली, "आता मशीनलाही पटलं."

आम्ही हसलो. वहिनी मात्र जुने फोटो भराभर उघडून बघू लागली. कॉम्प्युटर पानं शिकलाच नव्हता, तो सासू-सासरे शिकला होता.

"अगं, उद्या गप्प राहा," दादा म्हणाला. "त्यांना कुठे माहितीये बाबांचा अंगठा?"

"मला माहितीये ना," वहिनी म्हणाली आणि उठून गेली.

सकाळी व्हिडिओवर परीक्षक आले. आम्ही दाराआड उभे होतो. नमुना फसलाय, हे वहिनीने पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं आणि हाक मारली, "बाबा, जरा येता का?"

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयारच होते. त्यांनी अंगठा वर केला. निकाल उमटला. एका परीक्षक बाईंना हसू आवरेना, पण शेजारचे गृहस्थ ढिम्म.

"आता काय करणार?" त्यांनी विचारलं.

"सगळे फोटो पुन्हा काढणार. कुणी कुठलं पान धरायचं, ते चिठ्ठ्या टाकून ठरवणार. आईंनाही रोगट पान धरावं लागेल."

"मी नाही धरणार!" आई दाराआडून ओरडली.

तेव्हा ते गृहस्थही हसले.

जागा मिळाली. निघायच्या दिवशी आई नाक ओढत होती, बाबा उगाच टॅक्सीचं दार पुसत होते. टॅक्सी सुटता सुटता वहिनीने काच खाली केली. आता काहीतरी मनातलं बोलेल, म्हणून आम्ही सगळे पुढे झालो.

"फ्रिजमध्ये खालच्या डब्यात पानं आहेत," ती म्हणाली, "भाजी समजून शिजवू नका."