आईच्या चटईचा कोपरा

माझा मामा फालानिको गावच्या सभेत घराण्याच्या वतीने बोलणारा मुखिया होता, आणि मला तो कधीच आवडला नाही. खांद्यावर काथ्याची चवरी टाकून, काठी रोवून तो उभा राहिला की भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची. घरात तर दुसऱ्या कोणी बोललेलं त्याला खपतच नसे.

लांगी म्हातारीच्या घराण्याने आमच्या घराखालच्या जमिनीवर हक्क सांगितला, तेव्हा जाणार होतं ते माझं घर. जुन्या माणसांना विचार, साक्षीदार शोध, म्हणून मी मामाच्या हातापाया पडले.

तो म्हणाला, "पोरी, दारात माझ्या आईची कबर आहे. तिच्याहून मोठा साक्षीदार तू कुठून आणणारेस?"

ज्याची कबर त्याची जमीन, हे आमच्या सामोआत सगळेच मानतात. त्यामुळे मी साक्षीदारांचा नाद सोडला.

सभेत त्याने आधी लांगीच्या माणसांची टर उडवली. तुमचं एक हाडूक नाही या मातीत, मग जीव कशाला अडकलाय, असं विचारून लोकांना हसवलं. मग आवाज खाली आणून तो आईने विणलेल्या मानाच्या चटईवर आला. विणता विणताच तिला कळा सुरू झाल्या, मामा जन्मला, आणि एका कोपऱ्याला लाल पिसं लावायची राहिली ती राहिलीच.

"साऱ्या सामोआत अशी दुसरी चटई नाही," तो म्हणाला. "तीच पांघरून माझी आई या मातीत गेली."

बायका डोळे पुसू लागल्या. तीस वर्षं याच वाक्यावर तो लोकांना रडवत आला होता.

लांगी जागची उठली नाही. पाठीमागची गुंडाळी तिने पुढे ओढून उलगडली. लाल पिसांची किनार एका कोपऱ्याशी येऊन थांबली होती.

"कबरीपुरती जागा द्या म्हणून तुझा बाप ही घेऊन आमच्या दारात बसला होता," ती म्हणाली. "तू रांगत होतास. तुला कमीपणा नको म्हणून आम्ही कधी बोललो नाही. आज तू आम्हाला हसलास. आता तूच सांग बाबा, अशी दुसरी आहे का?"

मामा खाली बसला आणि त्या कोपऱ्यावरून हात फिरवू लागला. लोकांना त्याची कीव येत होती, ते पाहून माझा संताप आणखीच वाढला.

"बोल की आता, मामा," मी म्हणाले.

"ही तिचीच आहे," तो म्हणाला.

एवढं थोडकं तो जन्मात कधी बोलला नव्हता, आणि तेवढ्यानेच माझं घर गेलं.