डबल शिलाईचा तंबू

पावसाशी उघड दावा मांडलेला माणूस साऱ्या अंबरनाथ-बदलापुरात एकच, आणि तो नेमका माझा साडू निघावा, हे माझं नशीब. उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमध्ये ते जीन्स शिवायचे. वयाने मोठे, हाताला चोख, सगळे त्यांना मान देत. पण आभाळ जरा काळवंडलं की या गृहस्थांचा अवतार बघावा! चपलांवर पिशव्या, पाकिटाला पिशवी, घड्याळाला पिशवी, डब्याला तर दोन. स्वतःच्या लग्नात, भर मे महिन्यात, हा नवरदेव छत्री घेऊन घोड्यावर बसला होता. कोणी हसलं की म्हणायचे, "हसा लेको. भिजलेला माणूस आणि भिजलेली माचिस, दोन्ही बिनकामाचे."

अशा माणसाने माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला तंबूत राहायला न्यायचं कबूल करावं, तेही ऑगस्टात! पोरीला दमा. भिजली की छातीत शिट्टी वाजायला लागायची, म्हणून सगळा पावसाळा बिचारी खिडकीत. शाळेतल्या मैत्रिणी कॅम्पला गेल्या, ही राहिली, आणि रडून रडून तिने घर डोक्यावर घेतलं. तेव्हा साडू म्हणाले, "बाय, मी शिवतो तंबू. थेंब जरी आत आला तर मला मास्टर म्हणू नको." बायकोने त्यांना तिथेच दम भरला, "भावजी, तिच्या अंगाला पाणी लागलं तर गाठ माझ्याशी आहे."

तंबू काय वर्णावा! निळी ताडपत्री, पिवळा दोरा, सगळीकडे जीन्ससारखी डबल शिलाई. मागे दोन खिसेसुद्धा. वांगणीला ओळखीच्या शेतकऱ्याच्या माळावर आम्ही तिघांनी सकाळी तो उभा केला. दुपारी पाऊस असा कोसळला की मधला ओढा भरून गावाकडची वाटच बंद झाली. आणि मग शिलाईच्या टाक्याटाक्याला एकेक थेंब लटकायला लागला. मजबुती यावी म्हणून भल्या माणसाने दुप्पट टाके घातले होते, म्हणजे ताडपत्रीला दुप्पट भोकं! पोरीने घाबरून माझा शर्ट धरला.

साडूंनी एकदा वर पाहिलं. "च्यायला, सुईनेच घात केला," एवढंच म्हणाले आणि अंगातला रेनकोट काढला. "तुम्ही पोरीजवळ बसा." बाहेर जाऊन त्यांनी तो माथ्यावरच्या शिलाईवर पसरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून उभे राहिले. चांगले दोन तास! दर पाच मिनिटांनी बाहेरून हाक यायची, "बाय, थेंब?"

"नाही काका!"

"छाती?"

"गप्प आहे!"

नंतर नंतर तर पोरगी खिदळायलाच लागली.

पाऊस उघडला, ओढा उतरला, संध्याकाळी आम्ही घर गाठलं. बायकोने दारातच पोरीच्या केसांतून हात फिरवला, पाठीला कान लावला. शिट्टी नाही! तिचा जीव भांड्यात पडला आणि माझाही. साडू मात्र जिन्यातच उभे, अंगावरून पाणी गळतंय. दम भरणारी माझी बायको टॉवेल घेऊन धावली आणि स्वतःच त्यांचं डोकं पुसायला लागली. "किती भिजलात हो भावजी!"

"पोरगी कोरडी आहे ना? मग झालं."

पुढे चार दिवस ते तापाने फणफणले होते. पोरगी आता मोठी झाली, दमाही मागे पडला. मला एकच गोष्ट सलते. त्या दिवशी बाप असून मी दोन तास आत कोरडा बसलो होतो. उठून त्या रेनकोटाचं एक टोक आपण धरावं, हे मला सुचलंच नाही. आणि साडूंनी ते आजपर्यंत मला एकदाही बोलून दाखवलेलं नाही.